भिंतीवरची कृष्णा

दोन वर्षांपूर्वी जत तालुक्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर मी कृष्णा नदी रंगवायला गेले होते. डाव्या कोपऱ्यात महाबळेश्वरचे डोंगर, मग वाईचे घाट, कराडला समोरून येऊन भिडणारी कोयना, सांगलीचा पूल. पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि उजव्या टोकाला समुद्र. मुलांसाठी खाली नदीच बोलते आहे अशी वाक्यं लिहायची होती. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, म्हणून मराठी तपासून घ्यायला ती वाक्यं मी आईला फोनवर वाचून दाखवली. तिला शेवटचं फार आवडलं : ‘मी सगळ्यांची तहान भागवते.’

रंग पातळ करायला, ब्रश धुवायला पाणी हवं होतं. व्हरांड्यात एक पिंप भरलेलं दिसलं. सांगलीत आमच्याकडे नळ सोडून ठेवून दात घासतात. मी कुणाला विचारलं नाही. अनोळखी माणसाशी आपणहून बोलणं मला जमत नाही. डोंगरापासून आंध्रापर्यंत रंगवेतो पिंपाचा तळ दिसू लागला.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांदूळ घेऊन आल्या. त्यांनी पिंपात वाकून पाहिलं, मग माझ्या बादलीतल्या निळ्या पाण्याकडे.

“सांगलीच्या न्हवं तुमी?”

“हो.”

“तरीच. टँकर परवा येनार हाय. आता ह्या निळ्या पाण्यात शिजवू काय खिचडी?”

तेवढ्यात मुख्याध्यापक आले, त्यांनी रिकामं पिंप पाहिलं. “मावशी, पाणी जपून वापरा म्हणून किती वेळा सांगायचं? उद्यापासून दुसरी बाई बघू का?”

पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती, सगळं ऐकत होती. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी ब्रश पुसत राहिले.

“आवं सर, लय ऊन हाय. वाफ हून गेलं आसंल,” मावशी म्हणाल्या. पोरं हसली.

दोन घागरी घेऊन त्या लांबच्या मळ्यातल्या विहिरीकडे निघाल्या. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, “तुमचं चालू द्या. समुद्र ऱ्हायलाय अजून.”

त्या परत यायच्या आत शाळा सुटली. पोरं रिकाम्या ताटल्या वाजवत घरी गेली. बादलीतल्या गढूळ पाण्यातच मी समुद्र रंगवला आणि भिंतीचा फोटो काढला.

आई तो फोटो अजून पाहुण्यांना दाखवते. शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचते. मी चहा ठेवायला आत जाते.