बोहनीचा हात

दर्यापूरच्या बाजारात माझ्या दुकानाला लागूनच देवीदासभाऊंचं भाजीचं दुकान. मी काही लिहिणारा माणूस नव्हे. पण भाऊंना आता स्वतःचं सांगता येत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

भाऊ डावखुरे. तराजू, विळा, बिडी, सगळं डाव्या हाती. बोहनी, म्हणजे दिवसाचे पहिले पैसे, मात्र उजव्याच हातानं घ्यायची, हा बापाचा धाक साठी उलटली तरी गेला नव्हता.

त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक नसीमबानो. भाऊंनी पैशासाठी डावा हात पुढं केला.

"या अल्ला! बोहनी अन् डाव्या हातानं? आज सूर्य कुठून निघाला भाऊ?"

भाऊंची बायको सत्यभामाबाई शेजारीच मेथी निवडत होती. "म्हातारपन हाय बाई. उजवा झोपला असन," ती हसून म्हणाली.

भाऊंनी नुसती हाक दिली, "कोवळी भेंडी, घ्या भेंडी!" तराजू चालू, हाक चालू. कोणाला काय कळणार? दुपारी मुलानं, योगेशनं विचारलं, "बाबा, डबा आनू का?"

"घ्या भेंडी."

योगेश हसला. मग त्याला बापाचा लोंबता उजवा हात दिसला.

गाडी करून अमरावतीला नेलं. मीही सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो, आणि बोलणंही बहुतेकांचं तिथंच असतं. तिथलंच रक्त अडलं होतं.

सत्यभामाबाई पुढं सरकली. "पन साहेब, हे तं डावखुरे हायेत! यायचं बोलनं दुसऱ्या बाजूले असन नं?"

डॉक्टर म्हणाले, "काही डावखुऱ्यांचं असतं, बाई. बहुतेकांचं नाही. यांचंही नव्हतं." जन्मभर घोटलेली हाक मात्र कधी कधी वाचते, असं ते म्हणाले.

ती तेवढी वाचली. तहान लागली, "घ्या भेंडी". पाठ दुखली, "घ्या भेंडी". चुकीचं बोललो हे भाऊंना कळतं. मग ते डाव्या हातानं कपाळ बडवून घेतात.

परवा मी गेलो तेव्हा सकाळपासून त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

"पानी पायजे? पाय दाबू? योगेशले बोलावू?" सत्यभामाबाई विचारत होती.

भाऊ मान हलवत होते, नाही, नाही.

"मंग काय सांगून राह्यले हो? मले काहून समजत नाही?" तिनं भिंतीवर डोकं आपटलं. मी मध्ये पडलो.

शेवटी ती खाटेपाशी खाली बसली. पदर पसरून म्हणाली, "द्या मंग भेंडी. पावशेर द्या."

भाऊ तिच्याकडं बघत राहिले. मग डाव्या हातानं त्यांनी उजव्याचं मनगट धरलं, उचललं आणि तळवा तिच्यापुढं केला.

तिनं पदराच्या गाठीतलं नाणं त्यावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत. नाणं घरंगळून खाली पडलं. तिनं ते उचलून पुन्हा ठेवलं.

पुन्हा पडलं.