एक टक्का

माझे मामा बंदरावर परदेशातून आलेली रद्दी तपासायचे. गठ्ठ्यात एक टक्क्याहून जास्त इतर कचरा निघाला, की अख्खा कंटेनर आल्या पावली परत. मामा स्वतः कोपरापर्यंत हात घालून बघत. आयात करणारा गयावया करायचा, "साहेब, थोडेसेच डायपर आहेत." मामा म्हणायचे, "ज्याचं बाळ त्याने निस्तरावं."

निवृत्तीच्या दिवशी मामा टेबलाचे खण खोक्यात रिकामे करून घरी आले. मामीने दारातच खोकं उघडून कोपरापर्यंत हात घातला. वाळलेली पेनं, तुटका चष्मा आणि एकच मोजा निघाला.

"अगं, एवढंसंच तर आहे," आता मामा गयावया करू लागले.

"खोकं आल्या पावली परत," मामी म्हणाली. "तुम्ही या आत. एक टक्का कचरा नियमात बसतो."