बादली घेऊन या

ओदिलिया सुरिताच्या हातचं मोले खाल्लं नाही असा माणूस लोमा सेकात सापडायचा नाही, आणि ते तिच्या नावानं खाल्लं असाही सापडायचा नाही. तीस वर्षं बाई रांधतेय. मिरच्या भाजायच्या, तीळ भाजायचे, चॉकलेट कुटायचं, तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, काळ्या होईस्तोवर जाळून वाटणात घालायच्या, आणि मोलेचा तो काळा रस्सा ढवळत, धुरात डोळे चोळत कढईपुढं उभं राहायचं. जेवण वाढून झालं की गावचे म्होरके नाव पुकारायचे ते कुणा बाप्याचं, आणि त्यावर बँडवाले तुतारी फुंकायचे. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्याच.

आम्ही सगळे मूळचे मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातले, सान मिगेल एल विएंतो गावचे. कॅलिफोर्नियाच्या या द्राक्षांच्या पट्ट्यात, लोमा सेकात, अर्धं गाव येऊन राहिलं, ते आपला संत, आपला बँड आणि आपली भांडणं सोबत घेऊनच. दर सप्टेंबरला मिगेलबाबाचा सण होतो आणि त्याचा एक मानकरी असतो. मान म्हणजे हार घालून बसायचं नव्हे. ज्याचा मान त्यानं अख्ख्या गावाला जेवू घालायचं, वर्षभर घाम गाळून. आणि जेवण झालं की घरोघरची माणसं आपापली झाकणाची बादली पुढं करतात, घरी न्यायला. ही बादली साधी समजू नका. बादली पुढं केली म्हणजे मान मान्य केला. जेवून हात हलवत गेलात, तर तोंडावर थुंकलात असंच धरतात.

ओदिलियाला हा मान हवा होता. त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. दर वर्षी सभेत ती हात वर करायची, आणि दर वर्षी एलादियोकाका, आमच्या मंडळाचे म्होरके, टोपी मागं सारून तेच म्हणायचे, "जोडपं लागतं, बाई. तुझा नवरा कुठाय? पुढच्या वर्षी बघू."

नवरा कुठाय हे काकांनाही ठाऊक होतं. साऊल सफरचंदं तोडायला उत्तरेला, वॉशिंग्टनकडं गेला आणि तिथलंच एक सफरचंद घेऊन संसाराला बसला. ओदिलियानं दोन दिवस रडून घेतलं, तिसऱ्या दिवशी त्याचे बूट शेजाऱ्याला देऊन टाकले आणि द्राक्षांच्या मळ्यावर कामाला गेली. पोरं वाढवली, मेलेल्या बहिणीची नेरेइदाही वाढवली. पण सभेत मात्र ती अजून साऊलची सोडलेली बायकोच होती.

मळ्यावर तिचं नाव वेगळं होतं. एका उन्हाळ्यात नुकतीच लागलेली एक पोरगी वेलींच्या ओळीत चक्कर येऊन पडली. मुकादम म्हणाला, सावलीत टाका आणि कामाला लागा. ओदिलिया जागच्या जागी मातीत बसली. तिच्या शेजारची बसली, मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता सगळी ओळ खाली. मुकादम ओरडून ओरडून थकला. पाण्याची गाडी आणि छपराचं कापड आलं तेव्हाच बायका उठल्या. त्या दिवसापासून आसपासच्या मळ्यांवर कुठं काही बिनसलं की लोक तिच्याकडं यायचे. भांडून बसथांबा आणला तो तिनंच, आणि शाळेत पोरांचा नाच बसवला तोही तिनंच. एवढं करून सणाला मात्र तिनं फक्त कढई ढवळायची.

तर या सप्टेंबरात तिला एक फोन आला. रोलांदो केसादा म्हणून विम्याचा धंदा करणारा एक गृहस्थ, कुठल्याशा लॅटिनो नेतृत्व मंचाचा अध्यक्ष. स्पॅनिश आजीकडून शिकलेलं, तेही अर्धंमुर्धं. तो म्हणाला, आपल्या लोकांच्या पुढाकाराचा आणि संस्कृतीचा मोठा सोहळा आहे, मोठ्या हॉटेलात, आणि यंदाचा सन्मान ओदिलियाबाईंचा. बाईंनी एकच प्रश्न विचारला, माणसं किती? तो अभिमानानं म्हणाला, चारशे. बाई बरं म्हणाल्या, फोन ठेवला आणि मिरच्यांची पोती कुठून आणायची याच्या विचाराला लागल्या.

नेरेइदाच्या हे दोन दिवसांनी ध्यानात आलं, तेव्हा अंगणात टर्की कोंबड्यांची आरडाओरड सुरू झाली होती. दवाखान्यात बसून लोकांना समजावण्यात तिचं आयुष्य चाललेलं, तिनं मावशीलाही समजावलं. तिथं जेवण हॉटेलवाले देतात, आपण नुसतं जायचं, जेवायचं, सन्मानाची काचेची एक बाहुली घ्यायची, दोन शब्द बोलायचे आणि घरी यायचं.

"म्हणजे मान माझा आणि जेवण त्यांचं?" ओदिलिया म्हणाली. "मग तो मान त्यांचाच झाला की गं. मी कोण, वाजंत्री?"

"मावशी, तिकडं तशीच रीत आहे."

"असेल. मी तिकडची आहे का?"

आपली समजण्यात चूक झाली होती हे ओदिलियाला कळलं होतं, पण चूक दुरुस्त करायची तिची तयारी नव्हती, उलट ती चूकच धरून बसली. इतकी वर्षं थांबून मान चालून आला होता. तो गावच्या रीतीनं पुरा केला तर कुणाच्या बापाची हिंमत नव्हती तो खोटा म्हणायची. आणि तो हॉटेलात एकटीनं गिळून आली असती, तर सान मिगेलचं पोरसुद्धा हसलं असतं. तिनं घरोघर निरोप धाडला. शनिवारी संध्याकाळी हॉटेलवर या, आणि बादली घेऊन या.

एलादियोकाकांच्या टायरच्या दुकानात हा निरोप पोचला तेव्हा तिथं चारचौघं बसलेली होती. काका मनसोक्त हसले. हॉटेलातला मान म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं काहीसं बोलले. वर म्हणाले, नवऱ्याच्या खुर्चीवर कोण बसणार, ती काचेची बाहुली? आपण तर बुवा येणार नाही. हे शब्द तासाभरात ओदिलियाच्या कानी आले. ती मिरच्या भाजत होती, त्यामुळं डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणाला कळलं नाही. ती एवढंच म्हणाली की काकांच्या वाटणीची टर्कीची मांडी बाजूला काढून ठेवा.

शनिवारी दोन ट्रक भरून हॉटेलच्या दाराशी लागले. मोलेची पातेली, केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे तमाले, दुरड्यांमध्ये फडक्याखाली तोर्तिया, मागं बँडवाले आणि त्यांच्यामागं नटूनथटून आलेल्या बायका, प्रत्येकीच्या हातात बादली. ओदिलियानं आईचा भरतकामाचा पोशाख घातला होता. आत कागदी झेंडूच्या माळा लावलेल्या, डोंगरातल्या बायकांची मोठ्ठाली चित्रं भिंतीवर टांगलेली. अगदी तशाच बायका दाराबाहेर उभ्या होत्या, पण त्यांच्याकडं तिकिटं नव्हती.

रोलांदो केसादा धावतपळत आला. माणूस वाईट नव्हता, कशाला खोटं बोला. घामाघूम होऊन तो सांगत राहिला की बाहेरचं अन्न आत न्यायला हॉटेलची बंदी आहे, खुर्च्या मोजक्या आहेत, बाईंसाठी आणि भाचीसाठी पहिल्या टेबलावर जागा आहे, शेवटी वाटल्यास बँडही दोन मिनिटं वाजवू.

"आणि माझी माणसं?" ओदिलियानं विचारलं.

"पुढच्या वर्षी त्यांची नक्की सोय करू."

पुढच्या वर्षी. हे शब्द तिनं आयुष्यभर ऐकले होते, फक्त टोपीवाल्याच्या तोंडून. आज ते कोटवाल्याकडून ऐकले आणि तिचं डोकं फिरलं. तरी आवाज चढवला नाही. त्याच्या कोटाला लावलेलं कागदी फूल तिनं सरळ केलं आणि म्हणाली, "बाळा, जिच्या माणसांना दारात उभं करतात, ती कसली रे पुढारी? तुझी खुर्ची तुलाच राहू दे."

आणि वळली. नेरेइदाला वाटलं, झालं, आता घरी जाऊन चारशे माणसांचं मोले महिनाभर आपणच खायचं. पण ओदिलिया घरी निघाली नव्हती. रस्त्यापलीकडं बंद पडलेलं फर्निचरचं दुकान होतं आणि त्याच्यापुढं गाड्या लावायचं भलंमोठं मोकळं आवार. तिनं ट्रकवाल्याला तिकडं बोट दाखवलं. नेरेइदा कुजबुजली की परवानगी नाही, पोलीस येतील. मावशी म्हणाली, येऊ देत, त्यांनाही वाढू, उपाशी माणूसच जास्त कटकट करतो.

टेबलं मांडली, कागदी टेबलक्लॉथ अंथरले, शेगड्या पेटल्या. बँडनं पहिली धून धरली, ट्रंपेट आणि सूझाफोनचा भलामोठा भोंगा अशा जोरात की हॉटेलच्या काचा थरथरल्या. मोले गरम होऊ लागलं आणि वारा तर हॉटेलच्याच दिशेनं होता.

पहिल्यांदा आले ते मुदपाकखान्यातले. त्या हॉटेलात भांडी घासणारे कोण, वाढपी कोण, खोल्या झाडणारे कोण? आपलेच की सगळे. मागच्या दारानं पांढरे ॲप्रन बांधून एकेक जण रस्ता ओलांडून आला, जरा चाखतो म्हणाला आणि बसकण मारली. आत चारशे पाहुणे ताटांची वाट बघत बसले आणि ताटं कुणी आणेना. मंचावर ओदिलिया सुरिताचं नाव दोनदा पुकारलं. टाळ्या पडल्या, थांबल्या, आणि बाहेरून सूझाफोन ऐकू आला.

शेवटी केसादाच आला, हातात काचेची बाहुली घेऊन, तोंड लाल. म्हणाला, "आत चारशे माणसं तुमच्यासाठी ताटकळलीत, बाई."

"चारशेंचंच केलंय."

"लोक काय म्हणतील? आपल्या लोकांना शिस्त नाही म्हणतील."

"म्हणू देत. उपाशी पाठवलं असं तर म्हणणार नाहीत?" तिनं त्याच्या हातातली बाहुली घेतली, वाऱ्यानं उडणाऱ्या कागदी रुमालांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवली आणि त्याच्यापुढं ताट केलं. "आधी खा. रिकाम्या पोटी भांडू नये."

बिचारा उभ्यानंच एक घास घेणार होता. दुसऱ्या घासाला बसला. तिसऱ्याला कोट काढला. मग म्हणाला की आजी गेल्यापासून असं खाल्लं नव्हतं. ओदिलियाला त्याची दया आली. तिनं आणखी रस्सा वाढला. खाऊन झाल्यावर तो आत मंचावर गेला आणि माइकवर काय बोलला कोण जाणे, पण दारं उघडली आणि पाहुणे बाहेर पडू लागले. सगळे आले असं मी सांगणार नाही. काही जण गाडीत बसून तडक निघून गेले, काही नाक मुरडून आतच बसून राहिले. पण खूप आले. उंच टाचांच्या बायका बादल्यांवाल्या बायकांशेजारी बसल्या, आणि तोर्तियानं मोले कसं पुसायचं ते त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही.

पोलिसांची एक गाडीही आली, उभी राहिली, आणि थोड्या वेळानं दोन ताटं खिडकीतून आत गेली.

बायका बादल्या भरून घेऊ लागल्या. ओदिलिया स्वतः पळी घेऊन उभी होती. एकेक बादली पुढं येत होती, तसतशी ती ताठ होत चालली होती. तरी नजर मधूनच रस्त्याकडं जायची, आणि बाजूला काढलेल्या मांडीच्या ताटावरचं झाकण ती उगाचच उघडून बघायची.

तेवढ्यात नेरेइदानं तिला कोपरानं ढोसलं. दुकानाच्या खांबाआड एलादियोकाका उभे होते. सप्टेंबरचा उकाडा, लोक रुमालानं वारा घेतायत, आणि म्हातारा जाड जाकीट घालून, पोटावर हात बांधून. जाकिटाखाली गोल टेंगूळ आलेलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड माणसाची कुठं जाते.

"या की काका, ताट ठेवलंय तुमचं," ओदिलियानं हाक मारली.

काका आले. बसले, मुकाट्यानं जेवले, ताट चाटून पुसून साफ केलं. तेवढ्यावर उठून जाता आलं असतं. पण ते सान मिगेलचे होते, असल्या जेवणावरून रिकाम्या हातानं उठणं त्यांच्यानंही होईना. जाकिटाची चेन खाली ओढली आणि निळी बादली बाहेर काढली. आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. सूझाफोनवाल्यानंसुद्धा तोंड काढलं.

"भर," काका जमिनीकडं बघत म्हणाले.

ओदिलियानं पळी पातेल्यात घातली आणि तशीच धरून ठेवली. "भरते. पण कुणाच्या नावाचं नेताय ते सांगा."

"सगळ्यांना ठाऊक आहे ते."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तीस वर्षं मी तुमच्या तोंडून दुसऱ्यांची नावं ऐकली. आणि आज नवरा कुठाय ते विचारलं नाहीत?"

काकांनी टोपी काढली. टकलावरचा घाम पुसला. एकदा बँडकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग गावच्या सभेत बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "ओदिलिया सुरिता. मानकरी. एकटीचा मान."

तुतारी लागली. बायकांनी बादल्यांवर थापा मारून आवार दणाणून सोडलं, आणि नेरेइदा ढसाढसा रडली. ओदिलिया रडली नाही. तिनं निळी बादली काठोकाठ भरली, वर दोन तमाले ठेवले, झाकण दाबून बसवलं आणि ती काकांच्या हातात दिली.

"पुढच्या सणाला वेळेवर या," ती म्हणाली. "आणि जाकीट घालू नका, उकडतं."