ट्रॉलीवरची अँटेना

नामपूरच्या कांदा बाजाराबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली की शेतकऱ्याचा संसार ट्रॉलीत येतो. ताडपत्री, घोंगडी, पाण्याची कळशी, भाकऱ्यांचं गाठोडं. नव्वदच्या दशकात एकदा आमच्या ट्रॉलीत टीव्हीही होता. नाशिकच्या माझ्या माहेराने लग्नात दिलेला, लहानसा, ब्लॅक अँड व्हाइट, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा. बायका सहसा त्या रांगेत नसत. पण माझ्या टीव्हीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे, म्हणून मीही गेले.

हा खटाटोप माझ्या नणंदेसाठी होता. ती वडिलांचा शब्द मोडून शेतकी कॉलेजात गेली, तेव्हापासून मामंजी तिला ‘ती कॉलेजवाली’ म्हणत. त्या संध्याकाळी ती टीव्हीवर कांदा साठवणुकीबद्दल बोलणार होती. “आता ती मला कांदा शिकवनार!” असं मामंजी फणकारले खरे, पण टीव्ही ट्रॉलीत चढवायला त्यांनीच सांगितलं. मी पदराआड हसून घेतलं.

भोवती डोंगर, चित्र कुठलं यायला! पडद्यावर नुसत्या मुंग्या. नवऱ्याने अँटेना बांबूला बांधली आणि बांबू कांद्याच्या ढिगात रोवला. ढीग घसरला, बांबू आडवा. मग तो ट्रॉलीच्या कडेला करकचून आवळला. “अजून डावीकडं... हां... थांब... गेलं!” अखेर एक चेहरा दिसला आणि तेवढ्यात रांग हलली. ट्रॅक्टर पुढे सरकला, मुंग्या परत. पुन्हा बांबू फिरवला, पुन्हा चित्र, पुन्हा रांग. माझं डोकं फिरायची वेळ आली.

पण नंबर सोडणं शक्य नव्हतं. संध्याकाळी फाटकाच्या आत गेलेल्या ट्रॉल्यांचाच सकाळी लिलाव व्हायचा. मागे राहिलेल्यांनी आणखी एक दिवस रस्त्यावर काढायचा. शिवाय मामंजी म्हणजे लग्नाच्या पंगतीतही कुणाला पुढे घुसू न देणारा माणूस.

तिसऱ्यांदा चित्र आलं, ते नणंदेचंच. साधी साडी, घट्ट वेणी. मागून हाक आली, “बाबा, लाइन हालनी, चला ना पुढं!” नवऱ्याने किल्लीला हात घातला.

“हात काढ,” मामंजी म्हणाले. मग ट्रॉलीत उभं राहून त्यांनी मागच्यांना हात केला. “जावा, तुम्ही जावा पुढं.”

ट्रॅक्टर शेजारून जाऊ लागले. नणंद सांगत होती, कांदा पातीसकट शेतात सुकू द्या, मगच साठवणीच्या चाळीत भरा. दरवर्षी बांधावर उभं राहून मामंजी मजुरांना हेच ओरडून सांगत.

शेजारून जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला. “काय व्हयनं, बाबा? ट्रॅक्टर बंद शे का?”

“नाय,” पडद्यावरची नजर न काढता मामंजी म्हणाले, “माझी पोर बोलतीय.”