जलपरीची ओटी

दारव्ह्याच्या मीना बाजारात जलपरीचा तंबू लागला होता. बातमीसाठी मी तिथे दुपारभर बसलो. पाण्याच्या उघड्या टाकीत एक बाई सकाळपासून रबरी शेपटीत पाय अडकवून बसली होती. तिने बोलायचे नाही, असा मालकाचा नियम होता. बोलली तर काम जाणार होते. मत्स्यावतार ऐकून माहीत असलेल्या बाया तिला हात जोडत आणि पुढे सरकत.

एक म्हातारी खण-नारळ घेऊन टाकीपाशी आली. "माय, माह्या सुनेची कूस उजव वं. चार दवाखाने केले."

जलपरीने मालकाकडे पाहिले. मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "आजी, मी काही देवी नाही. मले बी लेकरू नाही."

"मंग तं तुही बी ओटी भरा लागन," म्हणत म्हातारीने तिला हळदीकुंकू लावले. पदर नव्हता, म्हणून जलपरीने ओल्या हातांची ओंजळ पुढे केली.

ती बोलल्याचे मी बातमीत लिहिले नाही. त्याचा उपयोग झाला नाही, कारण मालक तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवशी त्या शेपटीत दुसरी बाई होती.