तेलाच्या हाताचे रीडिंग

आदरणीय नामदेवराव आसुटकर सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती खोडरबरावरून. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यातून मी मारेगावला मावशीकडे शिकायला आले होते. अकरावी विज्ञानाचे पहिलेच प्रात्यक्षिक. प्रयोगशाळेच्या दारात सर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन उभे होते आणि प्रत्येकाकडून रबर जमा करून घेत होते. माझे रबर नवेकोरे, वासाचे. मी ते मुठीत लपवले. सरांनी डबा पुढे केला. "काहून लपवून राह्यली? जे दिसलं ते पेनानं लिहाचं. इथं खोडाचं काम नाही."

त्या डब्याला कारण होते. प्रयोगशाळांमधली एक जुनी रीत आपण सगळेच जाणतो, उगाच भोळेपणाचा आव आणू नये. पुस्तकातले उत्तर आधी पाहायचे आणि मग उलटे गणित करून त्याला शोभतील अशी रीडिंगे वहीत भरायची. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाची ओढ, बहात्तर यायला हवा ना, मग आणा बहात्तर! सरांना याची मनस्वी चीड. निकालाच्या काळजीने प्राचार्यांनी गळ घातली तरी त्यांनी तो डबा दारातून हलवला नाही.

शिकवण्यात मात्र त्यांच्याइतका रसाळ माणूस मी पाहिला नाही. बारीक काचनळीत पाणी आपोआप वर का चढते आणि त्याचा माथा मधे खोलगट का असतो, हे ते नळी डोळ्यांसमोर धरून सांगत. "पाणी काचेले धरून चढते, म्हणून काठावर उचललेलं दिसते. पारा काचेपासून अंग चोरते, म्हणून मधात फुगते." हे वेड वर्गापुरते नव्हते. एका लग्नात पाटवडीच्या रश्श्यावरची तर्री चमच्याने ढकलत, तेलाची दोन वर्तुळे एक कशी होतात हे ते पाहत बसले आणि मागची पंगत ताटकळली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, कपाळावर हात मारला होता.

सर चुकत नसत असे मी लिहिणार नाही, त्यांनाच ते आवडणार नाही. साबणाचे दोन फुगे एका नळीने जोडले तर मोठ्यातली हवा लहान्यात जाईल, असे ते एकदा बोलण्याच्या ओघात सांगून गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात येताच म्हणाले, "काल मी चुकलो. दाब लहान्या फुग्यात जास्त असते, म्हणून लहाना रिकामा होते अन् मोठा आणखी फुगते." लगेच करूनही दाखवले. त्या दिवशी दोघे जण गैरहजर होते. ते बसस्टँडवर दिसल्याचे कळताच सर सायकल काढून तिकडे गेले आणि एसटीच्या पायरीवर उभे राहून त्यांना स्वतःची चूक सांगून आले. कंडक्टरने घंटी द्यायची थांबवली होती.

आता माझी गोष्ट. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेवर माझे पुढचे सगळे टांगलेले होते. विज्ञानात पोरीचे जमले नाही तर तिला तांड्यात परत आणायचे आणि लग्न उरकायचे, हे वडिलांनी ठरवले होते. माझ्या बाजूने घरात एकटी याडी, म्हणजे माझी आई, भांडत होती. परीक्षेच्या सकाळी ती पहिल्या गाडीने मारेगावला आली, माझ्या डोक्यावर खोबरेल तेल चांगले चोपडले आणि वेणी घातली. प्रयोगशाळेत शिरताना मी ती वेणी हातानेच नीट केली.

मला पृष्ठताणाचाच प्रयोग आला. नळी पाण्यात उभी केली, चढलेले पाणी मोजले, गणित मांडले आणि उत्तर आले एक्कावन्न. शेजारची कुजबुजली, "बहात्तर कर ना!" मी केले नाही. हे धाडस नव्हते. सर समोर उभे होते, एवढेच.

बाहेरून आलेले परीक्षक वहीवर बोट ठेवून म्हणाले, "बहात्तर असतं, माहीत नाही? बदला ते." मी रडवेली झाले. सर पुढे आले आणि नम्रपणे म्हणाले, "आकडा राहू द्या, साहेब. कारण शोधू द्या तिले." परीक्षकांनी घड्याळ पाहून पंधरा मिनिटे दिली. सरांनी मला एवढेच विचारले, "राठोड, सकाळपासून या हातांनी काय काय केलं?"

मावशीचे घर, याडी, वेणी... मी बोटे नाकाशी नेली. मग ताटलीत स्वच्छ पाणी घेतले, त्यावर खडूची भुकटी भुरभुरली आणि बोट टेकवले. भुकटी झरझर काठाकडे पळाली. बोटावरचे तेल पाण्यावर पसरले होते. त्या न दिसणाऱ्या पापुद्र्याने पाण्याची ओढ कमी होते, म्हणून माझ्या नळीत ते कमी चढले होते. परीक्षक वाकून पाहू लागले. मी साबणाने हात धुतले, नळी बदलली, पाणी बदलले. या वेळी एकाहत्तर आले. परीक्षकांनी दोन्ही आकड्यांखाली सही केली. दुसरा प्रयोग मात्र अर्धाच राहिला आणि त्याचे गुण गेले.

बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या याडीपर्यंत तेलाची बातमी आधीच पोहोचली होती. ती पदराला हात पुसत होती, पुसतच होती. आणि मी, आजही लाज वाटते, तिला म्हणाले, "याडी, तुझ्या तेलानं घात केला." ते सरांनी ऐकले. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, मले दोन वर्षांत जे शिकवता नाही आलं, ते तुमच्या तेलानं आज पोरीले शिकवलं. तिले पुढं शिकवा."

"खरं सांगता का, सर?"

"मी खोटं रीडिंग देत नाही, बाई."

ते वाक्य याडीने घरी वडिलांना जसेच्या तसे ऐकवले. मी शिकले. आज त्याच प्रयोगशाळेच्या दारात तोच डबा घेऊन मी उभी राहते आणि सर अधूनमधून येऊन मागच्या बाकावर बसतात.

सरांनी पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, सायकल चालत राहो आणि पुढची पुष्कळ वर्षे त्यांनी आमच्या मुलींची उत्तरे चुकताना पाहावीत. या समारंभासाठी याडीने घरच्या तेलाची बाटली पाठवली आहे, "सरांच्या डोक्याले." सर, रोज लावा. फक्त प्रयोगशाळेत येताना हात धुऊन या.