विदर्भाला दिलेली भिंत

हसा, पण हातातला चहा सांभाळून हसा! माझ्या लग्नाचं विमान मीच कसं चुकवलं, ते सांगतो.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. लालबागच्या आमच्या चाळीच्या लांबलचक भिंतीवर आम्ही पोरांनी अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा रंगवला होता. डावीकडे मुंबई, उजवीकडे पार टोकाला नागपूर. येणारा-जाणारा थांबून बघायचा हो!

आणि वरच्या मजल्यावर शालिनी. तिला वडील नव्हते, त्यामुळे लग्नाबाबत शेवटचा शब्द नागपूरच्या मामांचा. ते मला बघायला येणार, आणि तेही विमानाने! आमच्या चाळीत विमान म्हणजे मान वर करून बघायची वस्तू.

शालिनीची आई म्हणाली, "वसंता, दादाला आणायला सांताक्रूझला तूच जा. सकाळी आठला निघतंय त्याचं विमान. इथे कधी पोचतं ते विचारून ठेव. त्याला वेळेचं भारी वेड आहे हं!"

"विचारायचं कशाला काकू? काढतो की हिशोब!"

आमचे साहेब अर्ध्या तासात पुण्याला उडाले होते, हे मला ठाऊक. भिंतीवर मुंबई ते पुणं मोजलं, एक वीत. मुंबई ते नागपूर, अकरा विती. म्हणजे साडेपाच तास. दीडला विमान उतरणार. सोप्पं!

त्या दिवशी बाराच्या सुमारास मी गंजीफ्रॉकवर, गालाला साबण लावून भिंतीपाशी उभा. दाढी राहिली बाजूला. बोट नागपूरहून हळूहळू मुंबईकडे सरकतंय, आणि मी कुठे? विमानात! खिडकीशी शालिनी, शेजारी मी. खाली गोदावरी, चांदीच्या सरीसारखी. तिने खिडकीतून हात काढून ढगाला लावला... विमानाची खिडकी उघडत नाही, हे मला कोण सांगणार? काय सुख होतं हो ते!

"अहो, शालिनीचं बिऱ्हाड कुठलं जी?"

मागे एक गृहस्थ, हातात बॅग.

"वरच्या मजल्यावर. पण आत्ता नका जाऊ. तिचे मामा यायचेत, गडबड आहे."

"असं? कुठवर आलेत?"

"हे बघा, आत्ता मनमाडच्या डोक्यावर!"

"वा! कसे आहेत मामा?"

"महाखडूस! घड्याळाशीच लग्न लागलंय म्हणे त्यांचं. पण मी त्यांना खिशात टाकतो की नाही बघा!"

गृहस्थ भिंत न्याहाळत म्हणाले, "नकाशा झकास आहे. नागपूर मात्र फारच लांब नेलंय."

"अहो, भिंत उरली होती ना! शिवाय विदर्भाला वाटायला नको, मुंबईकरांनी आपल्याला कोपऱ्यात कोंबलं. म्हणून उरलेली सगळी भिंत विदर्भाला देऊन टाकली!"

"कोणी?"

"मीच की!" मी छाती पुढे काढून सांगितलं.

आणि सांगता सांगता माझं बोट मनमाडवरच थिजलं. उरलेली सगळी भिंत? म्हणजे माझ्या अकरा वितीही ताणलेल्याच!

इतक्यात वरून काकू ओरडल्या, "अगंबाई, दादा! तू कधी आलास? वसंता भेटला का?"

"हा काय, भेटला. मी अजून मनमाडलाच आहे म्हणतो!"

संध्याकाळपर्यंत शालिनी हातची गेली, असंच मी धरून चाललो होतो. शेवटी मामांनी निकाल दिला, "पोरगा मनात काही ठेवत नाही, मला पसंत आहे. फक्त मुहूर्ताचं याला काही विचारू नका!"

लग्न परळला, चाळीपासून चालत जाण्याइतकं जवळ. तरी नवरदेवाला न्यायला मामा जातीने दारात हजर, तेही दोन तास आधी!

म्हणाले, "चला जावईबापू. तुमच्या भिंतीवर परळ किती लांब आहे, कोण जाणे!"